लान्चिया ऑरेलिया बी२०: पहिली मालिका की चौथी?

चाकोरी: ऑरेलिया बी२० जी.टी. ही लान्चियाची इटालियन गाडी १९५१ ते १९५८ या काळात सहा मालिकांत, म्हणजे सुधारित आवृत्त्यांत, बनली. बहुतेक जाणकार १९५४च्या चौथ्या मालिकेला पहिला मान देतात. माझा कौल मात्र पहिल्या मालिकेला. इंजिन १९९१ सीसी, ताकद ७५ अश्वशक्ती, एवढंच. तरी १९५१च्या मिले मिल्या या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत ब्राको आणि माल्योली यांनी ती एकूण दुसरी आणली. पुढे होती फक्त व्हिलोरेसीची ४.१ लिटरची फेरारी, म्हणजे दुपटीहून मोठं इंजिन! नंतरच्या मालिकांत ताकद वाढली, तसं वजनही चढत गेलं.

घाटवाट: अजिबात सहमत नाही. मिले मिल्यात गाडी कसलेल्या हातांत होती. जी.टी. म्हणजे चार तास चालवून उतरलं तरी अंग आंबत नाही अशी गाडी. चौथीला २४५१ सीसीचं इंजिन आहे, चढावर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. आणि मुख्य फरक मागच्या चाकांचा. पहिल्या तीन मालिकांत मागचं सस्पेन्शन तिरक्या आर्म्सवर होतं. वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की चाकांचा कल बदलतो आणि गाडीची शेपटी बाहेर जायला बघते. चौथीत डी दिऑन नळी आली, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी नळी. तिने दोन्ही चाकं एकमेकांना समांतर राहतात, डिफरन्शियलचा (ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा) भार मात्र बॉडीवरच राहतो. ओल्या घाटात हा फरक जिवाचा आहे.

पिस्टन: घाटवाट, मग तिसरीचं काय? २४५१ सीसीचं इंजिन १९५३ला तिच्यातच आलं, ११८ अश्वशक्तीचं. त्याचं श्रेय चौथीला कशाला?

घाटवाट: बरोबर, इंजिनाचं श्रेय तिसरीचंच. पण त्या ताकदीला साजेशी मागची बाजू मिळाली ती चौथीत.

चाकोरी: मागच्या चाकांचं मान्य, तिथे वाद घालत नाही. पण ऑरेलियाचं मोठेपण ज्यात आहे ते सगळं पहिलीतच होतं: लान्चियाचे अभियंते दे व्हिर्जिलियो यांचं ६० अंशांचं व्ही-६ (सहा सिलिंडरांचं) इंजिन, मागे डिफरन्शियलला जोडलेला गिअरबॉक्स, तिथेच आत बसवलेले मागचे ब्रेक, बॉडी बनवणाऱ्या पिनिन फारिनाची ती पाठ. चौथीने त्यातला एक दोष काढला. मला तो दोष सांभाळत, वळणाआधीच वेग उतरवून चालवायला आवडेल.

पिस्टन: चौथीपासून डाव्या स्टिअरिंगचा पर्यायही मिळू लागला. माझ्यासाठी उजवंच हवं, इटलीत गाड्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा घाटात रस्त्याची कड दिसते.