समुद्रकिनारा नसला की देश गरीबच राहतो का?

प्रश्न:
1879 साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने बोलिव्हियाचा किनारा घेतला. बोलिव्हिया आजही दक्षिण अमेरिकेतल्या गरीब देशांत मोजला जातो. पण किनारा तर स्वित्झर्लंडलाही नाही! मग दोष भूगोलाचा की राज्यकर्त्यांचा?

उत्तर 1:
राज्यकर्त्यांचा. कोरिया बघा. 1945 साली 38 व्या अक्षांशावर रेघ मारली. भाषा एक, माणसं एक, वर खाणी आणि अवजड कारखाने बरेचसे उत्तरेच्या वाट्याला आलेले. तरी पुढे गेला तो दक्षिण कोरिया.

उत्तर 2:
कोरियाचं पटतं, पण चांगला भूगोल वाया घालवता येतो एवढंच त्यावरून कळतं. माझं आयुष्य मालवाहतुकीच्या हिशेबात गेलं, त्यामुळे नकाशा समोर आला की मी आधी एवढंच बघतो: माल वाटेत किती वेळा उतरवावा लागतो?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला बार्जवर चढवलेला कंटेनर ऱ्हाईन नदीतून थेट रॉटरडॅमच्या समुद्री बंदरात पोचतो. 1868 च्या मानहाइम करारामुळे वाटेत नदीची पट्टी भरावी लागत नाही. आता आफ्रिकेतली काँगो नदी घ्या. किसांगानीपासून किन्शासापर्यंत सुमारे 1,700 किलोमीटर बोटी चालतात, आणि समुद्र जवळ आला म्हणेपर्यंत धबधबे सुरू. माल उतरवा, रेल्वेत भरा, मताडी बंदराला पुन्हा उतरवा, जहाजावर चढवा. ती रेल्वे 1898 साली पुरी झाली. त्याआधी तेवढ्या टप्प्यात सगळं ओझं माणसांच्या डोक्यावरून जायचं. त्या हमालांबद्दल वाचताना मला अजून गलबलून येतं.

प्रश्नकर्ता:
म्हणजे करार झाला की काम झालं? 1904 च्या तहात चिलीने बोलिव्हियाला आपली बंदरं वापरायची मुभा दिलीच होती की.

उत्तर 2:
मुभा मिळाली, पण चढ कुठे गेला? चिलीच्या आरिका बंदरातून बोलिव्हियातल्या ला पाझकडे निघालेल्या ट्रकला 4,000 मीटरच्या वर चढावं लागतं. 1913 साली रेल्वे आली, तिलाही तेच डोंगर. अशा वाटेवर वजनाच्या मानाने महाग माल परवडतो, म्हणून चांदी, कथील बाहेर जात राहिलं. स्वस्त, अवजड वस्तू बनवून विकणाऱ्याचा नफा भाड्यातच जिरतो.

बोट्स्वानालाही समुद्र नाही. तिथे 1967 साली हिरे सापडले. त्या पैशाचा राज्यकर्त्यांनी नीट वापर केला, हे उत्तर 1 वाल्यांच्या बाजूचं, आणि मला ते मान्य आहे. फक्त एक लक्षात घ्या, हिरे विमानाने जातात.