चावीचं कव्हर बदललं, आता इंजिन पकडतं आणि लगेच बंद पडतं

प्रश्न:
रिमोटच्या चावीचं तुटलेलं कव्हर बदललं, सेलही नवा टाकला. दारं नीट उघडतात-लागतात. पण सेल्फ मारला की इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवरचा चावीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकतो. बॅटरी १२.६ व्होल्ट आहे. सेल काढल्यामुळे सेटिंग उडालं की पेट्रोलपंप गेला?

उत्तर १:
पंपाला हात लावू नका. इंजिन पकडून बंद पडतंय आणि सोबत तो दिवा लुकलुकतोय, म्हणजे इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) अडवलंय. सेलचा यात संबंध नाही. दारं उघडणारं सर्किट सेलवर चालतं. गाडीला चावीची ओळख पटवते ती वेगळी ट्रान्सपॉन्डर चिप, तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झची. तिच्या लहरींवरच चिप जागी होते आणि कोड पाठवते. तो जुळला नाही की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन सोडणारे इंजेक्टर बंद करतो.

जुनं कव्हर टाकलं नाही ना? चिप बहुधा त्यातच राहिली आहे. काही चाव्यांत ती सर्किटवर झाळलेली असते, पण बऱ्याच चाव्यांत सुटी: साधारण १२ मिमी लांब, ६ मिमी रुंद काळा तुकडा किंवा काचेची बारीक नळी. पात्याच्या बुडाशी खोबणीत बसलेली असते आणि प्लास्टिकचाच भाग वाटते.

उत्तर २:
आधी खात्री करा. जुनं कव्हर कुलपाला अगदी चिकटवून धरा आणि नव्या कव्हरातल्या चावीने सेल्फ मारा. इंजिन चालू राहिलं तर निदान पक्कं. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती वेगळी करा. दोन चिपा एकदम बोलल्या की कॉइलला एकीचाही कोड नीट वाचता येत नाही. उगाच पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, काही गाड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ लॉक होतात.

चिप काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. खोबणीची कड ब्लेडने हळूहळू कापा. काच तडकली तर नवी चिप स्कॅनर लावून गाडीशी जुळवावी लागेल.

उत्तर ३:
जुनं कव्हर धरूनही फरक पडला नाही तर दुसरी मूळ चावी लावून बघा. तीही चालली नाही तर दोष गाडीकडे: कॉइलचा कनेक्टर सैल असेल किंवा तार तुटली असेल. स्कॅनरवर पी०५१३ हा दोषाचा कोड आला तर चावी ओळखली जात नाही, यू०१६७ आला तर इमोबिलायझरशी संपर्कच तुटलाय.

प्रश्नकर्ता:
जुनं कव्हर धरल्यावर इंजिन चालू राहिलं! काळा तुकडा निघाला. पण नव्या कव्हरात त्याला खोबणीच नाही, कुठे बसवू?

उत्तर २:
पात्याच्या बुडाशीच, पहिल्या जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं. सिलिकॉनचा एक थेंब पुरे. पात्याच्या धातूआड ठेवू नका, कॉइलपर्यंत कोड पोहोचणार नाही. कव्हर मिटण्याआधी एकदा गाडी चालू करून बघा.