सुपरसिमेट्रीचे कण सापडले नाहीत, म्हणजे नेमके काय झाले?

धरमपेठकर:
काल येथे ‘संत्रानगरी’ यांनी लिहिले की, जिनिव्हाजवळच्या एलएचसी या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात २०१० पासून अतिउच्च ऊर्जेचे प्रोटॉन आदळत असूनही सुपरसिमेट्रीचा, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा असे सांगणाऱ्या सिद्धान्ताचा, एकही कण हाती लागला नाही, तेव्हा तो सिद्धान्त मेला आणि पैसा पाण्यात गेला. बत्तीस वर्षे बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यावर हे वाक्य मला मुकाट्याने सोडून देता येत नाही. कोणता कण, किती वस्तुमानाचा आणि त्याचे विघटन कशात होते असे धरून शोधला, हे सांगितल्याशिवाय ‘सापडला नाही’ या शब्दांना अर्थ येत नाही. ग्लुऑनचा जोडीदार ग्लुइनो; त्यापासून जेट (कणांचा झोत) आणि न्यूट्रॅलिनो हा हलका, विद्युतभार नसलेला जोडीदार कण निघत असेल, तर न्यूट्रॅलिनो कोणतीही खूण न ठेवता निसटतो आणि आडव्या दिशेच्या संवेगाच्या हिशेबात तूट येते. ती तूटच आपण शोधतो. अशा सरळ मांडणीत सुमारे २ टीईव्हीपर्यंतचे (ऊर्जेचे आणि वस्तुमानाचे एकक; १ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही, प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा) ग्लुइनो बाद झाले आहेत, हे मला मान्यच आहे. परंतु जनक कण आणि न्यूट्रॅलिनो यांची वस्तुमाने जवळजवळ सारखी असली, तर जेटही किरकोळ आणि तूटही किरकोळ. बहुतेक टक्करी ट्रिगरच्या, म्हणजे नोंदवण्याजोग्या टक्करी निवडणाऱ्या यंत्रणेच्या, चाळणीतूनच गळतात. म्हणून २०० जीईव्हीचा हिग्सिनो, म्हणजे हिग्ज कणाचा जोडीदार, सुद्धा आजवर निसटलेला असू शकतो.

संत्रानगरी:
सर, आपला आदर राखून विरोध करतो. १२५ जीईव्हीच्या हिग्जला हलके ठेवायचे, तर टॉप क्वार्कचा जोडीदार स्टॉप फार जड असता कामा नये, हेच या सिद्धान्ताचे मोठे आश्वासन होते. आता साध्या मांडण्यांत स्टॉपची मर्यादा (ज्या वस्तुमानाच्या खाली तो नाही असे ठरले ती) १ टीईव्हीच्या पुढे गेली, तरी ‘आणखी थोडे वर पाहा’ असे सांगितले जाते. आमच्या काटोलच्या बागेत पाणाड्याने ३०० फुटांवर पाणी सांगितले, मग ४५०, मग ६००. तीन बोअर कोरडे गेले, संत्र्याची झाडे वाळली आणि वडील जाईपर्यंत कर्ज फिटले नाही. त्या माणसाने एकदाही ‘माझे चुकले’ असे म्हटले नाही.

हिंगणा रोड:
आपल्या वडिलांचे वाचून वाईट वाटले, पण आमची तुलना पाणाड्याशी होणे मला अपमानास्पद वाटते. मी याच यंत्रावरील सीएमएस या प्रयोगाच्या विदेवर (डेटावर) पीएचडी केली आहे. झेड बोसॉन या ज्ञात कणाचे दोन न्यूट्रिनोंत विघटन झाले, की न्यूट्रिनोही खूण न ठेवता निसटतात आणि हुबेहूब तशीच तूट दिसते; अशा टक्करी किती, हे झेडपासून म्युऑनजोडी (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड आणि यंत्राला दिसणारे कण) निघणाऱ्या टक्करी मोजून काढावे लागते, आणि तो अंदाज पक्का होईपर्यंत जिथे नवा कण दिसायचा तो भाग आम्ही झाकून ठेवतो. पाणाड्या आपला अंदाज असा आधी लिहून देतो का? नागपुरात परतल्यावर एका महाविद्यालयाच्या मुलाखतीत मला विचारले गेले, ‘पाच वर्षांत सापडले काय?’ मी मर्यादेचा आलेख दाखवला, तर समितीतील एकाने फाइल मिटली. ती नोकरी हुकली याचे दुःख ओसरले, तो प्रश्न मात्र अजून सलतो.

संत्रानगरी:
माझा राग आपल्यावर नव्हता. ज्यांनी कण दाराशीच आहे असे सांगून मुलांना या वाटेने नेले, त्यांच्यावर आहे. आपली पाच वर्षे कोणाच्या भरवशावर गेली?

हिंगणा रोड:
माझ्या स्वतःच्या. कोणी फसवले नाही. पीएचडीला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला हाती मर्यादाच येईल हे आधी सांगावे, एवढेच म्हणेन. मला ते सांगितले गेले होते.

धरमपेठकर:
मुलाखतींचा विषय बाजूला ठेवू या, नाहीतर रात्र पुरणार नाही. त्या खुर्च्यांवर मीही बसलो आहे आणि असा प्रश्न मीही एकदा विचारला होता, हे येथे कबूल करतो. मूळ मुद्द्यावर, स्टॉपबाबत ‘संत्रानगरी’ यांचे म्हणणे मला टाळता येत नाही. हिग्जला सहजपणे हलके ठेवण्याची आशा बरीच क्षीण झाली आहे. तरीही सर्वांत साध्या सुपरसिमेट्रीतून हलका हिग्ज साधारण १३५ जीईव्हीच्या आत असावा असे निघत होते, आणि २०१२ मध्ये तो त्या आतच सापडला.

संत्रानगरी:
‘मेला’ हा शब्द मागे घेतो. पण मग थांबायचे कधी, याचे उत्तर आपल्यापैकी कोणीतरी द्यावे.

हिंगणा रोड:
कणागणिक उत्तर वेगळे आहे. यंत्राची ऊर्जा आजवर १३.६ टीईव्हीपर्यंत गेली आहे आणि पुढच्या टप्प्यातही ती १४ च्या वर जाणार नाही. त्यामुळे ग्लुइनोची मर्यादा यापुढे फार सरकणार नाही. विदा मात्र अनेक पटींनी वाढणार आहे, आणि हिग्सिनोसारखे क्वचित निर्माण होणारे कण तिथेच तपासता येतील.

संत्रानगरी:
म्हणजे ग्लुइनोपुरते माझे म्हणणे उभे राहते. हिग्सिनोसाठी मी थांबायला तयार आहे.