शिकारीत माणूस गेला म्हणून आर्चबिशप जॉर्ज अ‍ॅबट नालायक ठरतो का?

रिकामा तास (धागाकर्ता)

जॉर्ज अ‍ॅबटचं नाव काढलं की एकच ओळख सांगितली जाते, हातून खून झालेला आर्चबिशप. २४ जुलै १६२१ ला हॅम्पशरमधल्या ब्रॅम्सहिलला, लॉर्ड झूशच्या राखीव रानात, हा कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, हरणावर क्रॉसबो चालवत होता. बाण लागला पीटर हॉकिन्स नावाच्या रखवालदाराच्या हाताला. रक्त थांबलं नाही, थोड्याच वेळात तो गेला. चौकशीत अपघात ठरला. राजा जेम्स म्हणाला की असं देवदूताच्या हातूनही झालं असतं. अ‍ॅबटने हॉकिन्सच्या बायकोला वर्षाला २० पौंड बांधून दिले आणि मरेपर्यंत महिन्यातल्या एका मंगळवारी उपास केला.

माझं म्हणणं असं की या एका बाणाखाली त्याची खरी कारकीर्द गाडली गेलीय. त्या काळात बिशपची खुर्ची राजाच्या मर्जीवर होती, तरी हा माणूस दोनदा राजाला ‘नाही’ म्हणाला. १६१३ मध्ये फ्रान्सिस हॉवर्डला अर्ल ऑफ एसेक्सशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं, राजाच्या लाडक्या रॉबर्ट कारशी लग्न करायला. राजाचीही तीच इच्छा. अ‍ॅबट विरोधात गेला. शेवटी राजाने निकाल देणाऱ्या मंडळात आपले दोन बिशप घुसवले आणि ७ विरुद्ध ५ मतांनी लग्न रद्द झालं. त्यातल्या बिल्सनच्या मुलाला पुढे सरदारकी मिळाली, लोक त्याला ‘सर नलिटी’ म्हणून चिडवायचे (नलिटी म्हणजे लग्न रद्दबातल ठरणं)! दुसरा प्रसंग १६२७ चा, जेम्सनंतरचा राजा चार्ल्स याच्या सक्तीच्या कर्जाचा. राजा मागेल ते देणं हा प्रजेचा धर्मच, असं सांगणारं सिबथॉर्प नावाच्या पाद्र्याचं प्रवचन छापायला अ‍ॅबटने परवानगी नाकारली. त्याची रवानगी केंटमधल्या फोर्डच्या वाड्यात झाली आणि अधिकार पाच बिशपांकडे गेले.

असा कणा असलेला दुसरा आर्चबिशप त्या शतकात दाखवा.

उलटतपासणी

कणा होता, पण कधी ताठ करायचा ते तो बघून ठरवायचा. धाग्यात १६१२ कुठेय? बार्थोलोम्यू लेगेट आणि एडवर्ड वाइटमन, पाखंडी म्हणून इंग्लंडमध्ये जिवंत जाळलेले शेवटचे दोघे. त्यांच्यासाठी न्यायाधीश कोण असावेत याबद्दल अ‍ॅबटने लॉर्ड चॅन्सेलर एल्समीअरला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यात तो सुचवतो की सर एडवर्ड कोक या बड्या न्यायाधीशाला बोलावणं राजाला फारसं नकोय, तो आपलं वेगळंच मत मांडून काम अडवेल. म्हणजे सोयीचे लोक निवडून निकाल आधीच पक्का करायचा. पुढच्याच वर्षी राजाने एसेक्स प्रकरणात हेच केलं, तर अ‍ॅबटला नीतिमत्ता आठवली.

वाइटमनला लिचफील्डला पहिल्यांदा खांबाला बांधलं, आग अंगाला लागली तसा तो ओरडला, मागे घेतो म्हणाला. लोकांनी ओढून बाहेर काढलं. नंतर रीतसर शब्द फिरवायला त्याने नकार दिला, तेव्हा पुन्हा नेऊन जाळलं. रखवालदारासाठी मंगळवारचा उपास, आणि या दोघांसाठी?

रिकामा तास

वाइटमनचा खटला लिचफील्डचा बिशप नील याने चालवला आणि लेगेटचा लंडनच्या बिशपने. अ‍ॅबट वरच्या खुर्चीत होता हे खरं, पण जाळण्याचा सगळ्यात जास्त उत्साह खुद्द राजाला होता. आणि तेव्हा पाखंड्यांना सोडून द्या म्हणणारा बिशप होता का एक तरी?

उलटतपासणी

नव्हता. पण मग ‘त्या शतकात दुसरा दाखवा’ हे वाक्यही मागे घ्या. काळाचा नियम दोन्हीकडे सारखा लावा.

पानसुपारी

तुम्ही दोघं शिकारीचा मुद्दा अगदीच झटकून टाकताय. प्रश्न खुनाचा नव्हताच. चर्चच्या जुन्या कायद्याप्रमाणे ज्याच्या हातून रक्त सांडलं, तो धर्मविधी करायला अपात्र ठरू शकतो. त्यात पाद्र्यांनी शिकार करावी का, हाच वादाचा विषय. अपघात कायदेशीर काम करताना झाला की निषिद्ध काम करताना, यावर सगळं अडलं होतं.

गंमत बघा, नेमके तेव्हा विल्यम्स आणि लॉड हे नवे बिशप व्हायचे होते. दोघांनी अ‍ॅबटच्या हातून दीक्षा घ्यायला नकार दिला आणि दुसऱ्या बिशपांकडून घेतली. आणि अ‍ॅबटची चौकशी करणाऱ्या मंडळात हेच दोघे बसले! विल्यम्सला स्वतः आर्चबिशप व्हायचं होतं अशी तेव्हाची कुजबुज. मंडळात एकमत झालं नाही. अ‍ॅबटची बाजू घेतली ती बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूजने, ज्याला १६११ मध्ये हीच खुर्ची मिळेल असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मिळाली नव्हती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मोठा माणूस अँड्र्यूज.

भवानी पेठ

अँड्र्यूजबद्दल घाई नको, एसेक्स प्रकरणात तो राजाच्याच बाजूने होता.

मला अ‍ॅबटबद्दल एकच राग आहे. कारला दरबारातून हटवायचं म्हणून जॉर्ज व्हिलियर्सला पुढे आणणाऱ्यांत तो होता, राणी अ‍ॅनकडे त्याने रदबदली केली. तोच व्हिलियर्स पुढे ड्यूक ऑफ बकिंगहॅम. १६२७ मध्ये अ‍ॅबटला फोर्डला धाडण्यामागे त्याचाच हात होता, असं अ‍ॅबट स्वतः लिहून गेलाय. भस्मासुर!

सुंठीवाचून

धागा चांगला, पण या माणसाने एकही गावचं चर्च कधी सांभाळलं नव्हतं हे कुणीच म्हणत नाही. गिल्डफर्डच्या कापडवाल्याचा मुलगा, ऑक्सफर्डचा मास्तर, मग लॉर्ड डनबारचा खासगी पाद्री म्हणून स्कॉटलंडची एक वारी. त्या ओळखीवर १६०९ मध्ये लिचफील्ड, १६१० मध्ये लंडन, १६११ मध्ये कँटरबरी. गरीब पाद्र्यांची दुखणी याला कळणार कशी? त्याच्यापुढे एकच शत्रू, रोम म्हणजे कॅथलिक चर्च. प्युरिटनांकडे, म्हणजे चर्चमधले जुने विधी काढून टाका म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांकडे, त्याने काणाडोळा केला, मग १६३३ मध्ये त्याच्या खुर्चीवर लॉड आला आणि त्याने एकदम लगाम खेचला. पुढचं राजा विरुद्ध पार्लमेंट यादवीयुद्ध सगळ्यांना माहीत आहे.

अवांतर: त्याचा धाकटा भाऊ मॉरिस ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेपासूनचा माणूस, १६२० च्या दशकात तिचा गव्हर्नर. म्हणजे सुरतेच्या वखारीचा मालक एक भाऊ आणि इंग्लंडच्या आत्म्याचा दुसरा.

रिकामा तास

@सुंठीवाचून, गिल्डफर्डला त्याने १६१९ मध्ये बांधायला घेतलेलं म्हाताऱ्यांचं घर अजून चालू आहे, अजून म्हातारे राहतात तिथे. गरिबांची दुखणी न कळणारा माणूस स्वतःच्या गावात हे कशाला करेल?

आणि काणाडोळा म्हणजे दोष कसा? लॉडने काणाडोळा केला नाही, त्याचं डोकं १६४५ मध्ये उडालं. अ‍ॅबट १६३३ मध्ये क्रॉयडनला अंथरुणात मेला.

उलटतपासणी

अंथरुणात मरणं हा पुरावा असेल तर बोलणंच खुंटलं. १६२७ मी मान्य करतो, त्यात त्याला पैकीच्या पैकी. पण एल्समीअरला लिहिलेल्या पत्रांवर तुम्ही अजून एक ओळही लिहिलेली नाही. कोकला का टाळायचं होतं, तेवढं सांगा.