यूकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, पुन्हा अर्ज करताना मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाऊ मँचेस्टरला असतो. नोव्हेंबरात वहिनीचं बाळंतपण, म्हणून आई-बाबांसाठी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला होता. दोघांचाही नाकारला. बाबा निवृत्त शिक्षक, पेन्शन ३८ हजार. चूक आमचीच झाली. खात्यात पैसे दिसावेत म्हणून अर्जाआधी पंधरा दिवस एफडी मोडून ४ लाख जमा केले आणि त्याची पावती जोडलीच नाही. नकाराच्या पत्रात तेच आहे: रक्कम कुठून आली ते स्पष्ट नाही, आणि दोघं परत जातील याची खात्री वाटत नाही.

अपील करता येत नाही, नवा अर्ज लगेच चालतो, फी मात्र पुन्हा पूर्ण, एवढं कळलं. आधीचा नकार फॉर्ममध्ये लिहिणारच आहोत. लपवला तर १० वर्षांची बंदी येऊ शकते.

आता एफडीची पावती आणि बँकेचं पत्र जोडून लगेच अर्ज करावा, की सहा महिन्यांचं स्टेटमेंट सरळ दिसेपर्यंत थांबावं? थांबलो तर बाळंतपण निघून जाईल. सातबारा इंग्रजी भाषांतरासह कुणी जोडला आहे का? आजी घरी आहे, तिचं सगळं बाबाच बघतात, हेही पत्रात लिहावं का?

आईने बाळासाठी गोधडी शिवून ठेवली आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.