डब्ल्यूपीएफ डेटाग्रिड: वजन बदललं तरी रक्कम आणि एकूण जुनेच राहतात

यार्डातला_कोडर (सांगली)
मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी हळदीच्या पट्टीचा प्रोग्रॅम चालू आहे. सी शार्प, डॉटनेट ८, स्क्रीन डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन). डेटाग्रिडमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्यात, एका पोत्याला एक ओळ: वजन किलोत, दर क्विंटलचा, रक्कम = वजन × दर ÷ १००. रकमेच्या प्रॉपर्टीला फक्त 'गेट' आहे, म्हणजे ती वाचता येते, भरता येत नाही. ओळी ऑब्झर्व्हेबलकलेक्शनमध्ये (ओळ आली-गेली की स्क्रीनला कळवणारी यादी), एकूण खाली टेक्स्टब्लॉकमध्ये. नवीन ओळ लगेच दिसते. पण वजन दुरुस्त केलं की रक्कम जुनीच, आणि एकूण तर हलतच नाही. शिवाय १,२५,००० ऐवजी १२५,००० छापतंय. आउटपुट विंडोत एकही एरर नाही.

बाइंडिंगवाला
एरर नाही म्हणजे बाइंडिंगचा (स्क्रीनवरचा सेल आणि प्रॉपर्टी यांच्या जोडणीचा) पाथ बरोबर आहे. प्रॉपर्टीचं नाव चुकलं असतं तर तिथे 'डेटा एरर ४०' दिसली असती. तेव्हा डेटाकॉन्टेक्स्टच्या (स्क्रीन माहिती कुठून घेते त्याच्या) मागे लागू नका.

'रक्कम' बदलली हे स्क्रीनला कळवणारं कुणीच नाही, अडचण एवढीच. ओळीच्या क्लासला आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड लावा, त्यातून प्रॉपर्टी बदलल्याचं कळवणारा प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट मिळतो. वजनाच्या सेटरमध्ये (नवी किंमत भरणारा कोड) प्रॉपर्टीचेंज्ड दोनदा उठवायचा, एकदा वजनासाठी आणि एकदा रकमेसाठी. दराच्या सेटरमध्येही तसंच. मग ५२.३५० किलो आणि १४,००० दर टाकून ओळ सोडली की ७,३२९ दिसायला हवेत.

रकमेच्या कॉलमला मोड=वनवे (फक्त दाखवायचं, परत लिहायचं नाही) आणि इजरीडओन्ली दोन्ही द्या. नाहीतर त्या सेलवर कुणी डबल क्लिक केलं की टूवे बाइंडिंग रीडओन्ली प्रॉपर्टीवर आपटतं आणि प्रोग्रॅम बंद. दुकानात हे पहिल्याच दिवशी होणार, लिहून ठेवा.

मिरज_जंक्शन
एकूणाचं दुखणं वेगळं आहे. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन फक्त ओळ आली, गेली, तिच्या जागी दुसरी आली, सरकली एवढंच सांगतं. ओळीच्या आत काय झालं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. यादी बदलली की येणाऱ्या कलेक्शनचेंज्डमध्ये न्यूआयटम्समधल्या (आलेल्या) प्रत्येक ओळीच्या प्रॉपर्टीचेंज्डला हँडलर (इव्हेंट आला की चालणारा कोड) जोडा, ओल्डआयटम्समधल्या (गेलेल्या) ओळींचा काढा. त्या हँडलरमध्ये 'रक्कम' आली की 'एकूण'साठी प्रॉपर्टीचेंज्ड उठवा. ओळ आली-गेली तरी उठवायचाच.

दोन ठिकाणी हमखास फसतं. डेटाबेसमधून आधीच भरलेल्या ओळींना हँडलर लागलेला नसतो, तो लूप लावून जोडावा लागतो. आणि क्लिअर केलं की 'रीसेट' येतो, त्यात ओल्डआयटम्स नल (रिकामं) असतं. म्हणून हँडलर क्लिअरच्या आधीच काढायचे.

आयटम्स.रिफ्रेश मारून (अख्खा ग्रिड पुन्हा दाखवून) भागवू नका. ओळ एडिटमध्ये असताना ते सरळ एक्सेप्शन (प्रोग्रॅम पाडणारी एरर) फेकतं.

बाइंडिंगवाला
स्वल्पविरामाचं: विंडोजमध्ये भारत निवडलेला असला तरी बाइंडिंगमधलं स्ट्रिंगफॉरमॅट (आकडा कसा छापायचा ते) मुळात अमेरिकन इंग्रजीच धरतं. ॲपच्या ऑनस्टार्टअपमध्ये, पहिली विंडो उघडण्याआधी, फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेजप्रॉपर्टीचं ओव्हरराइडमेटाडेटा करून (मूळची भाषा बदलून) 'एन-आयएन', म्हणजे भारतातलं इंग्रजी, द्या. एकदाच; दुसऱ्यांदा बोलावलं तर एरर येते.

यार्डातला_कोडर (सांगली)
रक्कम, एकूण, स्वल्पविराम तिन्ही जागेवर आले. आता इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टला जोडलाय. डेटारिसीव्ह्डमध्ये (पोर्टवर वजन आलं की येणारा इव्हेंट) ओळ ॲड केली की नॉटसपोर्टेडएक्सेप्शन. गंमत म्हणजे 'चालू वजन' हा टेक्स्टब्लॉक त्याच इव्हेंटमधून व्यवस्थित बदलतो.

मिरज_जंक्शन
डेटारिसीव्ह्ड दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या रांगेवर) येतो. साध्या प्रॉपर्टीचा बदल डब्ल्यूपीएफ आपणहून यूआय थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर) नेतं, कलेक्शनचा नेत नाही. कोडमधली ॲडची ओळ डिस्पॅचर.बिगिनइन्व्होकमध्ये घाला; ते काम यूआय थ्रेडकडे सोपवून लगेच पुढे जातं.

साधं इन्व्होक नको, ते काम होईपर्यंत थांबून राहतं. विंडो बंद करताना यूआय थ्रेड पोर्ट.क्लोजवर थांबतो, क्लोज चालू इव्हेंट संपायची वाट बघतं, आणि इव्हेंट इन्व्होकमध्ये यूआय थ्रेडसाठी अडकलेला असतो. प्रोग्रॅम गोठला, मग टास्क मॅनेजर. एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशनही (दुसऱ्या थ्रेडवरून कलेक्शन बदलू देणारी सोय) चालतं, पण मग कलेक्शन जिथे जिथे बदलता तिथे तोच लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घ्यावा लागतो. एका काट्यासाठी एवढा खटाटोप कशाला?