जुने हॉलिवूड सिनेमे आणि पोरांचा म्हणे ‘छळ’

कोथरूडची कैकेयी
परवा इथेच एका बापमाणसाने ठोकून दिलं: १९९०च्या आधीचा हॉलिवूड सिनेमा पोरांना दाखवणं म्हणजे छळ, दहा मिनिटांत झोपतात, त्यापेक्षा कार्टून बरं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझी पोरगी नऊची, पोरगा सहाचा. रविवारी ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ लावला, १९३९ चा. पहिली वीसेक मिनिटं सगळं तपकिरी. पोरगा म्हणे, “आई, टीव्ही बिघडला.” मग वादळात उडालेलं घर धपकन पडतं, नायिका डोरोथी दार उघडते आणि बाहेर नुसता रंगांचा पूर! पोरगा अर्धी चकली हातात धरून टीव्हीपुढे जाऊन उभा. तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. त्या शॉटसाठी घर आतून चक्क तपकिरी रंगवलं होतं. दार उघडते ती तपकिरी झग्यातली दुसरीच बाई. ती बाजूला सरते आणि निळ्या झग्यातली ज्यूडी गारलंड, म्हणजे डोरोथी झालेली नटी, पुढे येते. हे सांगितल्यावर पोरीने घरातले खडू काढले. याला छळ म्हणायचं?

मुलुंडचा मन्या
बापमाणूस हजर आहे. ताई, एका चकलीवर निकाल लावू नका. आमच्या आईच्या हट्टापायी मी ‘साउंड ऑफ म्युझिक’ लावला होता. १७४ मिनिटं! नन गातायत, कॅप्टनची सात पोरं सांभाळायला आलेली मारिया गातेय, ती सातही पोरं गातायत. मुलगा दर पाच मिनिटांनी, “बाबा, व्हिलन कधी येणार?” नाझी आले तेव्हा तो सोफ्यावर आडवा. आई मात्र शेवटपर्यंत डोळ्यांना पदर लावून. तो सिनेमा पोरांचा नाही, आजीचा आहे.

इतिहासाचा हवालदार
नाव काढलंत म्हणून बोलतो. शेवटी नाझींपासून पळताना सगळे डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला जातात म्हणे! ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळचा तो डोंगर ओलांडला तर माणूस जर्मनीत उतरतो, तोही हिटलरच्या बंगल्याच्या पंचक्रोशीत. ज्या कुटुंबावर सिनेमा बेतलाय ते खरे फॉन ट्राप १९३८ मध्ये रेल्वेत बसून इटलीला गेले. कॅप्टनचा जन्म झारा गावचा, ते पुढे इटलीत गेलं, म्हणून त्याच्याकडे तिथलं नागरिकत्व होतं. पोरांना खोटा भूगोल कशाला?

कोथरूडची कैकेयी
सिनेमा आहे हो, एमपीएससीचा पेपर नाही.

इतिहासाचा हवालदार
असंच म्हणत सगळं खपवतात. मारिया सात मुलांसाठी आलीच नव्हती, एका आजारी मुलीला शिकवायला आली होती. कॅप्टन प्रेमळ बाप होता, हे त्याच्या मुलांनीच पुढे सांगितलंय. त्याला उगाच खडूस करून ठेवला.

बॉस्टनकर बंड्या
इकडे अमेरिकेत वर्माँटमधल्या स्टो गावात त्या फॉन ट्राप कुटुंबाचं हॉटेल आहे, आम्ही जाऊन आलो. हिरवळ दिसल्याबरोबर बायको हात पसरून गायला लागली. म्हटलं फार पुढे जाऊ नकोस, पलीकडे जर्मनी निघेल.

इतिहासाचा हवालदार
उडवा थट्टा. माझ्या मुलाने प्रोजेक्टमध्ये ‘साल्झबुर्गच्या मागे स्वित्झर्लंड’ असं लिहिलं आणि बाईंनी लाल गोळा मारला. विचारलं तर म्हणतो, बाबा, सिनेमात होतं की.

मुलुंडचा मन्या
अच्छा, म्हणजे मार्क गेल्याचं दुःख होय!

इतिहासाचा हवालदार
दुःख नाही, तत्त्व आहे. तुम्हाला नाही कळायचं.

सासवडची सुमन
तुमचा डोंगर जरा बाजूला ठेवा. ‘ओल्ड येलर’ (१९५७) कोणी लावणार असेल तर पोरांशेजारी बसूनच लावा. कुत्रा पिसाळतो आणि ज्या मुलाचा जीव त्याच्यावर, त्यालाच गोळी घालावी लागते. आमचा मोत्या पिसाळला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अण्णांनी सांगितलं, पळून गेला. मी कितीतरी दिवस संध्याकाळी बांधावर भाकरी ठेवत होते. खरं कळलं ते लग्नानंतर, आईकडून. म्हणून लेकीला हा सिनेमा मुद्दाम दाखवला. ती रडली, मी तिच्याहून जास्त.

कोथरूडची कैकेयी
सुमनताई, हेच म्हणते मी. शेजारी बसायला लागतं. मन्यासारखं सिनेमा लावून द्यायचा आणि आपण मोबाइल चिवडायचा, मग पोरं झोपणारच.

मुलुंडचा मन्या
माझ्या घरात कॅमेरा लावलाय का तुम्ही? सकाळी ६:१२ ची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याला शेजारी बसायचे धडे देऊ नका.

कोथरूडची कैकेयी
बरं, मोबाइलचं मागे घेतलं. बाकी एक अक्षर नाही.

मुलुंडचा मन्या
शनिवारी लावला एकदाचा तुमचा ‘ऑझ’. शेजारी बसून, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून. कबूल, झोपला नाही. पण ती उडणारी माकडं आली आणि त्याने किंकाळी फोडली. दोन रात्री आमच्या मध्ये झोपतोय, लाथा मारत. आणि आज विचारतो, “बाबा, परत कधी लावायचा?” आता ६:१२ चुकली की तुमच्या नावाने बोंब मारणार.